साक्षात्कार विठ्ठलाचा, नटाची ती मुलाखत

निपाणीच्या एका वाचकाचा प्रश्न: रात्री उशिराच्या टॉक शोमध्ये एखादा नट भडकला किंवा विचित्र वागला, तर त्याला 'वादग्रस्त साक्षात्कार' म्हणावं की कन्नड वाहिन्यांसारखं 'संदर्शन'?

दोन्ही नको. वादग्रस्त चालेल. साक्षात्कार हिंदीत इंटरव्ह्यू असेल. मराठीत तो भक्ताला देवाचा होतो, आणि एवढा मोठा अर्थ असा उधळू नये. संदर्शन कन्नडमध्ये उत्तम, पण सांगली-साताऱ्याच्या माणसाला तो कळणार नाही.

आपला शब्द मुलाखत, आणि त्याची घडण फार सुंदर आहे. अरबीत 'ल-क-य' धातू भेटण्याचा. 'मुलाक़ात' हे त्याचं रूप अशा साच्यातलं, की क्रिया बहुधा दोन्ही बाजूंनी होते. मुकाबला त्याच साच्यातला. मामलाही, मूळचा 'मुआमला'. वक़्तचा वखत झाला तसा मुलाक़ातमधल्या 'क़'चाही 'ख' झाला. तुरुंगात कैद्याला नातेवाईक भेटतात तीही मुलाखतच. जुना अर्थ तिथे जिवंत आहे. मोल्सवर्थच्या 1857च्या मराठी-इंग्रजी कोशात मुलाखतीपुढे 'इंटरव्ह्यू' दिसतो म्हणून प्रश्नोत्तरांचा अर्थ तेव्हाच रूढ होता, असं मानणं साफ चूक. त्या काळी इंग्रजीतही इंटरव्ह्यू म्हणजे भेटच. त्याचं फ्रेंच मूळसुद्धा 'एकमेकांना पाहणं'!

म्हणजे भेट दोघांची. एकाने पाठ फिरवली की मुलाखत उरत नाही, असं माझं ठाम मत आहे. 11 फेब्रुवारी 2009ला डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या अमेरिकी टॉक शोमध्ये हॉलिवूडचा नट वाकीन फिनिक्स आला: वाढलेली दाढी, काळा चष्मा, तोंडात च्युइंगगम, तुटक उत्तरं. अशा शोची माणसं पाहुण्याशी आधीच फोनवर बोलून किस्से ठरवतात. यजमानाच्या हातातल्या कार्डांवर त्या किश्शांकडे नेणारे प्रश्न असतात. पाहुण्याने किस्सा सांगितलाच नाही की पुढचं कार्डही निरुपयोगी ठरतं. शेवटी लेटरमन त्याला म्हणाला, आज तू येऊ शकला नाहीस, वाईट वाटतं. कार्यक्रम पार पडला, मुलाखत झालीच नाही.

आणि बेळगाव-खानापुरात सतत कानावर पडणारं 'मुलाखत केली' आधी थांबवा. ते 'संदर्शन माडिदरु'चं शब्दशः मराठी आहे. विचारणारा मुलाखत घेतो, पाहुणा देतो.