पार्किंगचं पाणी राम नदीत जाताना

प्रश्न : पुण्यातल्या बावधनच्या आमच्या सोसायटीत गच्ची आणि पार्किंग, दोन्हींचं पाणी एकाच पावसाळी गटारातून राम नदीत जातं. पहिल्या पावसात तेलाचा तवंग दिसतो. एक शोषखड्डा घेतला तर भागेल का?

उत्तर : नाही भागणार. आधी दोन्हींचं पाणी वेगळं करा. पार्किंगचं पाणी शोषखड्ड्यात सोडलं तर तेल जमिनीत मुरतं, गाळाने खड्डाही तुंबतो.

चारशे चौरस मीटर पार्किंग असेल तर उताराच्या टोकाला, गटाराच्या आधी, दीड मीटर लांब, एक मीटर रुंद चेंबर बांधा. आत मीटरभर पाणी साठून राहिलं पाहिजे. बाहेर जाणाऱ्या १६० मिमी पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) बसवा: खालचं तोंड पाण्याच्या पातळीखाली ३० सेंमी, वरचं उघडं. गाळ तळाशी बसतो, तेल वर तरंगतं, मधलं पाणी तेवढं पुढे जातं. टीऐवजी एल्बो (दोन तोंडांचा वाकडा जोड) लावू देऊ नका. पाइप पूर्ण भरला की सायफन लागतो आणि साठलेलं तेल ओढलं जातं. गाळ २५ सेंमी झाला की उपसा, तवंग चिंध्यांनी टिपा. डासांसाठी झाकण घट्ट हवं.

आणि पार्किंगमध्ये गाड्या साबणाने धुणं बंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. साबणाने तेल फुटून पाण्यात मिसळतं. मग ते तरंगत नाही, टीखालून सरळ नदीत जातं.

शोषखड्डा गच्चीच्या पाण्यासाठी घ्या, पण आधी जमीन तपासा. त्या जागी फूटभर खड्डा दोनदा पाण्याने भरून जिरू द्या, तिसऱ्यांदा तासाभरात पाणी किती उतरतं ते मोजा. दीड सेंमीपेक्षा कमी उतरलं तर काळी माती किंवा पाषाण आहे, खर्च वाया जाईल. मुरूम लागला तर उत्तम. चारशे चौरस मीटर गच्चीवर २० मिमी पाऊस म्हणजे आठ हजार लिटर पाणी. दोन मीटर लांब, रुंद, खोल खड्ड्यात दगड भरल्यावर तीनच हजार मावतं. म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप हवाच.

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या इमारतीच्या पावसाळी पाइपातून भर मे महिन्यातही पाणी येतं. कशाचं?

उत्तर : कुणीतरी बाल्कनीतलं वॉशिंग मशीन किंवा बेसिन त्यात जोडलंय. एकेका घरी खाण्याचा रंग ओतून खाली पाहा, सापडेल. ते ड्रेनेजला, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनला, जोडून घ्या. गच्चीचा पाइप मात्र ड्रेनेजला जोडू नका. पावसात तीच लाइन तुंबून मैला रस्त्यावर येतो.