‘दंपती’ कोणाला म्हणायचं? (आणि ‘दाम्पत्य’ कोणालाच का नाही)

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी परत मांडतो. तुमचा धाकटा भाऊ आणि त्याचा जोडीदार, दोघांनी मिळून पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलाय, वास्तुशांतीचं कार्ड टाकायला गेलात तर कार्डवाला म्हणाला की दोन पुरुषांच्या नावाखाली ‘दाम्पत्य’ छापता येणार नाही, तो शब्द नवरा-बायकोचाच. तर तो खरं बोलला का, आणि ‘समलिंगी’ बरोबर की ‘समलैंगिक’, असं तुम्ही विचारलंत.

आधी एक सांगतो, ‘दाम्पत्य’ कोणाच्याच नावाखाली छापू नका! पंडिताचं पांडित्य, पुरोहिताचं पौरोहित्य, तसं दंपतीचं दाम्पत्य. ते एक नातं आहे, दोन माणसं नाहीत. ‘पांडित्य जेवायला आलं’ असं आपण म्हणतो का? मग ‘अपघातात दाम्पत्य जखमी’ हे रोज कसं छापून येतं? आणि त्याहून वाईट म्हणजे ‘दंपत्ती’. संपत्ती, आपत्ती बघून लोक तिथेही जोडाक्षर ठोकतात, गंगापूर रोडच्या एका लॉन्सबाहेरच्या बोर्डावर हाताएवढ्या अक्षरात वाचलंय मी, आत जाऊन मॅनेजरला सांगूनही आलो. पती आहे हो तो, एकच त.

आता मूळ मुद्दा. कार्डवाल्यावर चिडू नका, भल्याभल्यांनी हेच सांगितलंय. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, दम्पती, जम्पती, जायापती, भार्यापती हे चारही शब्द एका ओळीत दिलेत आणि व्याकरणवाले सांगतात की जाया (म्हणजे बायको) अधिक पती, त्यातल्या ‘जाया’च्या जागी ‘दम्’ येतो. का येतो? तर येतो! २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात समलिंगी विवाहावर सुनावणी चालू होती तेव्हा आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधले एक संस्कृतचे निवृत्त सर हेच ऐकवायचे, की शब्दातच बायको आहे, कोर्ट काय करणार, हे सगळं बाहेरचं फॅड आहे. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आज लिहून देतो, ही व्युत्पत्ती मागाहून बसवलेली आहे.

‘दम’ म्हणजे घर. दम लागतो तो दम वेगळा, हा वेदातला जुना शब्द. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या सूक्तात अग्नी ‘स्वे दमे’ वाढतो, म्हणजे स्वतःच्या घरात. लॅटिनमधलं ‘डोमुस’ याचंच भावंड, त्यावरून इंग्रजीत ‘डोमेस्टिक’ आलं. आणि मला या शब्दाचं सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू का, ग्रीकमधला ‘देस्पोतेस’, ज्यावरून इंग्रजीत हुकूमशहाला डेस्पॉट म्हणतात, तो आपल्या दंपतीचा सख्खा भाऊ आहे, दोन्हीचा मूळ अर्थ घरधनी. तिकडे एकच धनी राहिला आणि तो डोक्यावर बसला, आपल्याकडे शब्द द्विवचनात गेला, घराचे दोघे धनी, म्हणजे बाईसुद्धा बरोबरीची धनी. किती सुंदर प्रवास आहे हा, आणि त्यात जाया घुसवून आपण तो पुसून टाकतो.

पुरावा पाहिजे तर ऋग्वेदात अग्नीला एकवचनी ‘दंपती’ म्हटलंय, सगळ्यांचा मिळून एक घरधनी या अर्थाने. तिथे जाया कुठून आणायची? सरांनी याचं उत्तर अजून दिलेलं नाही. दुसरं, दुसऱ्या मंडलात अश्विनांचं एक सूक्त आहे, त्यात त्या दोघांना जगातल्या एकेका जोडीची उपमा दिलीय, दोन डोळे, दोन ओठ, दोन हात, दोन पाय, दोन नाकपुड्याही (आपल्या नासिकच्या नाकाची आठवण होतेच), आणि त्याच ओळीने ‘दंपतींसारखे’. दोघेही पुरुष, जुळे देव. आता यावरून वेदकाळात पुरुषांची लग्नं व्हायची असं मी म्हणत नाहीये, कोणी तसं माझ्या नावावर खपवू नये, ती उपमा आहे आणि ते भाऊ आहेत. माझं म्हणणं शब्दापुरतं आहे. शब्दाच्या मुळात घर आणि धनीपण आहे, बाई की पुरुष हे नाही.

रूढ अर्थ नवरा-बायको आहे, मान्य. पण ‘पती’चाही रूढ अर्थ नवरा आहे की, तरी २००७ ला प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा शब्दावरून थोडी चर्चा झाली आणि मिटली, आणि द्रौपदी मुर्मूंच्या वेळीही शब्द ‘राष्ट्रपती’च राहिला.

कायद्याचं वेगळं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात वराचं वय २१, वधूचं १८ असं स्त्री-पुरुष धरूनच लिहिलंय, आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला पाचही न्यायाधीशांनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, सिव्हिल युनियनचा, म्हणजे लग्न न म्हणता नात्याला कायद्याने मान्यता देण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोनने फेटाळला गेला, काय ते संसदेने ठरवावं. मला तो निकाल लागला त्या दिवशी वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पण त्यात कुठेही कोणी काय छापावं यावर बंदी नाहीये, कार्डवाल्याला तेवढं सांगा.

हां, समलिंगी की समलैंगिक. समलिंगी लिहा. लिंग म्हणजे मुळात खूण, धूर हे अग्नीचं लिंग असं न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या तर्कशास्त्रात म्हणतात. ‘लैंगिक’ म्हटलं की मराठीत डोक्यात एकच गोष्ट येते आणि दोन माणसांच्या अख्ख्या संसाराची चर्चा बेडरूममध्ये जाऊन अडकते, त्या चर्चेतला निम्मा राग मला वाटतं या एका शब्दाने वाढवलाय. पण तुमच्या कार्डावर दोन्ही नकोत, घर घेतल्याचं कार्ड आहे ते.

२०२४ ला केंद्राने राज्यांना कळवलंय की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं. म्हणजे लग्न नाही, पण घर मानलं, दम मानला! तेव्हा दोघांची नावं पूर्ण लिहा, खाली ‘दंपती’, आणि छपाईला जाण्याआधी प्रूफ स्वतः बघा, त एकच आहे ना ते.