आपल्या गल्लीतच बस

चिरंजीवास,

तुझा तो लांबलचक मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. आधी हसू आलं, मग जरा पोटात तुटलं. शुक्रवार आला की ऑफिसची टोळी लोअर परळच्या पबात जाते. नाही म्हटलं तर तू गावठी ठरतोस, हो म्हटलं तर महिनाअखेर वडापाववर काढावी लागते. तिकडं भांडुपला तुझ्या खोलीतले दोघं स्टेशनजवळच्या स्वस्तातल्या क्वार्टर बारमध्ये बसतात, पण तिथं पाऊल टाकायला तुला लाज वाटते, कारण ‘तिथं आपल्यासारखी माणसं नसतात’. आणि शेवटी विचारतोस, काका, नक्की बसायचं कुठं?

प्यावी का पिऊ नये हे तू विचारलेलं नाहीस, म्हणून मीही त्यात पडत नाही. आईनं विचारलं तर हे पत्र तुला पोचलंच नाही म्हणून सांग.

उत्तर एका ओळीचं आहे. चालत जाता येईल आणि चालत घरी येता येईल तिथंच बसायचं. संपलं. पण तुला एका ओळीत पटणार नाही, तू तुझ्या बापाचा मुलगा आहेस, म्हणून पुढचं लिहितो.

आपल्या कोल्हापुरात याच्या बरोबर उलटं चालतं, हे तू लहानपणापासून बघतोयस. शिवाजी पेठेतला माणूस शिवाजी पेठेत बसत नाही. मंगळवार पेठेतला कावळा नाक्याला जातो, राजारामपुरीतला शिरोलीकडं, आणि शिरोलीचा माणूस शहरात येऊन शाहूपुरीत कोपरा धरतो. सगळं गाव रोज संध्याकाळी एकमेकांना चुकवत गाडीवर फिरत असतं. का, तर कुणी बघू नये. गल्लीच्या तोंडाला परमिट रूम आहे, तिथं सासरा दिसेल, मंडळाचा अध्यक्ष दिसेल, पोराचे मास्तर दिसतील. तुझा बाप इतकी वर्षं तावडे हॉटेलच्या पुढं जाऊन बसतो आणि त्याला वाटतं हे कुणालाच माहीत नाही. 2017 साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतले बार बंद झाले, तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं होतंस. मी म्हटलं, आता तरी गल्लीत ये. गडी हायवे सोडून आत शेतातल्या ढाब्यावर जायला लागला. शहराच्या हद्दीतल्यांना पुढं सवलत मिळाली, पण याचा ढाबा काही सुटला नाही.

तू मुंबईला गेलास आणि ही लपाछपी तुझ्यापुरती संपली. भांडुपमध्ये तुला कोण ओळखतंय? कुठल्याही बारमध्ये राजरोस जाऊन बसावं, आपली बाटली संपवावी आणि चालत घरी यावं. आणि तू काय केलंस? तिथंही लांबचा बार शोधलास. तो चकचकीत आहे म्हणून तुला कळलं नाही एवढंच. लोअर परळला बसायचं, मग पूल ओलांडून करी रोडला यायचं, तिथं स्लो लोकल धरायची, झोप लागली तर मुलुंड ठाणे. नाहीतर रात्री एकला जादा भाड्याची टॅक्सी. अरे, हा आपला शिरोलीचा ढाबाच झाला की, फक्त एसीतला.

मुंबईतलं मला काही कळत नाही असं समजू नकोस. तू ज्या जुन्या गिरणीच्या आवारात बसतोस तसल्याच एका गिरणीत मी फिटर होतो. 1982 च्या जानेवारीत संप झाला, गिरण्या बसल्या आणि मी परत येऊन उद्यमनगरात लेथ टाकली. तोपर्यंत लालबागला राहत होतो. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे आम्ही सगळे घाटावरचे, जेवण खानावळीत. खानावळीच्या खाली रस्ता ओलांडला की बार. मालक उडुपीकडचा, सगळे त्याला शेट म्हणत. लाकडी बाकडी, भिंतीला हिरवा ऑइलपेंट, काउंटरवर उकडलेल्या चण्यांचं ताट आणि त्यावर झाकलेलं ओलं फडकं. पगाराच्या दिवशी मी बाकावर बसलो की शेट जागेवरूनच ओरडायचा, ‘मनीऑर्डर?’ पावती खिशातून काढून दाखवल्याशिवाय वेटर टेबलाकडं फिरकायचा नाही. एकदा पावती नव्हती. मला एवढा राग आला की मी सरळ पुढच्या चौकातल्या बारमध्ये गेलो. तिथं कुणी काही विचारलं नाही. तिथं पगार अर्धा झाला.

आता हे तुझ्या पबात कर बघू. दर शुक्रवारी वेटर नवीन, मॅनेजर नवीन, शेजारच्या टेबलावरची माणसं नवीन. तू सहावी मागितलीस तर ‘शुअर सर’ म्हणून आणून देतील. गल्लीतला माणूस चौथीला म्हणतो, ‘बस झालं, सकाळी ड्युटी आहे ना?’ म्हणून म्हणतो, चालत जाता येईल तिथंच बस. पाय घराकडं वळतात ते वेगळंच, पण तिथं तुला ओळखणारा एक माणूस तयार होतो. त्याला वेळ लागतो. लांबच्या जागेशी कुणाची ओळख होत नाही.

ऑफिसच्या टोळीबरोबर जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. वाढदिवस असेल, कुणाची बढती असेल, जा. एक पाइंट घे आणि करी रोडची गाडी सुटायच्या आत ऊठ. बिलावर सेवा शुल्क लावलं असेल तर ते सक्तीचं नाही, काढायला सांग. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 सालीच ते स्पष्ट केलंय आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही उचलून धरलंय. मान खाली घालून भरू नकोस. आणि आत शिरलास की बाहेर पडायची दुसरी वाट कुठं आहे ते आधी बघ. 28 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्याच कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबात आग लागली, चौदा माणसं गेली. बरीचशी तरुण होती, वाट सापडेना म्हणून बाथरूममध्ये शिरली आणि तिथंच गुदमरली.

मात्र ही टोळी म्हणजे तुझी बसायची जागा नव्हे. तुझी जागा भांडुपला. आणि ‘आपल्यासारखी माणसं नसतात’ हे काय लावलंयस? तुझा आजोबा त्याच माणसांतला होता. रिक्षावाले, वायरमन, कुरिअरची पोरं, पाळी सुटलेला वॉचमन. तू कॉम्प्युटरवर बसतोस म्हणून वेगळा झालास का?

कसा निवडायचा ते सांगतो. शनिवारी जाऊ नकोस, मंगळवार बुधवारी साडेसातच्या सुमारास जा. माणसं एकेकटी बसून शांतपणे टीव्हीवरची मॅच बघत असतील तर जागा चांगली. आत गाणारणी असतील तर दारातूनच माघारी फीर, तो धंदा वेगळा. एसीत आणि नॉन-एसीत माल तोच, दर वेगळा, तेव्हा पंख्याखाली बस. बाटली तुझ्यासमोर फोडायला लाव. पहिल्या आठवड्यात कुणाशी बोलायला जाऊ नकोस आणि कुणाला पाजू तर अजिबात नकोस. ओळख पाजून होत नाही.

आणि तुझं वय चोवीस आहे हे मी विसरलेलो नाही. महाराष्ट्रात एकवीस पूर्ण झाली की बियर चालते, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला पंचवीस पूर्ण लागतात. परवानाही लागतो, एक दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. परमिट रूम हे नाव त्यावरूनच पडलं, 1949 चा दारूबंदीचा कायदा अजून कागदावर जिवंत आहे. कुणी विचारत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण पंचवीसपर्यंत तू बियरवरच राहा. त्यातही तोंड उघडून ‘माइल्ड’ म्हण, नाहीतर वेटर न विचारता स्ट्राँग आणून ठेवतो. बियर म्हणजे पोरखेळ असं तुझ्या मित्रांना वाटतं ना, त्यांना हा हिशेब दाखव. साडेसहाशे मिलीची आठ टक्क्यांची स्ट्राँग बियर म्हणजे बावन्न मिली अल्कोहोल. साठ मिलीच्या लार्ज पेगमध्ये, 42.8 टक्क्यांनी, साधारण पंचवीस-सव्वीस. म्हणजे एक स्ट्राँग बाटली झाली दोन लार्ज. तीन बाटल्या मारून ‘मी फक्त बियर घेतो’ म्हणणारा सहा लार्ज पिऊन बसलेला असतो.

आता तू म्हणशील, काका, एवढं चालत चालत काय लावलंय. रिक्षा आहे, मित्राची गाडी आहे.

माझा तालमीतला जोडीदार होता. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट, तुझ्या बापाला विचार, तोही त्याच्याबरोबर कुस्ती खेळलाय. घरापासून दोन मिनिटांवर परमिट रूम होती. तिथं सासऱ्याची ऊठबस, म्हणून हा कधी फिरकला नाही. मोटारसायकल काढून हायवेला जायचा. एका रात्री परत येताना दिवे नसलेल्या उभ्या ट्रकवर गेला. दिवसकार्य झाल्यावर सासरा माझ्याशेजारी बसून म्हणाला, ‘मला माहीत होतं रे तो पितो. मी बसलोय बघून तो बाहेरनंच फिरला असता, म्हणून मीच सातला उठून घरी यायचो. त्याला मोकळं व्हावं म्हणून.’ हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी सांगू शकलो असतो का? मला तरी कुठं माहीत होतं. पण त्या दोन मिनिटांच्या अंतराचं मला अजून पचत नाही.

तेव्हापासून मी माझ्या गल्लीतच बसतो. दारासमोरच्या टेबलावर, रस्त्यावरनं दिसेल असा. दोन लार्ज, खारे शेंगदाणे, कधी सुकं मटण आणि खर्डा, साडेनऊला घरी. लोक बोलतात. तालमीच्या अध्यक्षपदाला माझं नाव निघालं होतं, ‘चौकात बसून पिणारा अध्यक्ष नको’ म्हणून मागं पडलं. जो झाला तो गाडी काढून उचगावला जातो. जाऊ दे. देवळात जायच्या वाटेवर बायका मला बघून पदर सारखा करतात, तेही सोसतो. माझ्या पोरीला पाहायला आलेल्यांनी मला तिथं बसलेलं बघितलं होतं. तिथंच लग्न ठरलं, म्हणाले, ‘निदान लपवत नाही.’ हे मी तुझ्या काकूला सारखं ऐकवतो.

काकूचंही ऐकवतो तुला, नाहीतर म्हणशील एकच बाजू सांगितली. तिच्या माहेरच्या गावात बायकांनी मतदान घेऊन देशी दारूचं दुकान बंद केलं. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद; गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं आडवीला पडली आणि दुकानाला कुलूप लागलं. ती स्वतः त्यासाठी घरोघर हिंडली होती. मला म्हणाली, ‘त्या दुकानातही सगळे चालतच जात होते की. दुकानदारही सगळ्यांना ओळखत होता. उधारीवर द्यायचा.’ त्यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं. एवढं मात्र त्यातून घे: ज्या बारमध्ये उधारी चालते तिथं चालत जाता येत असलं तरी बसू नकोस. रोखीत दे आणि ऊठ.

आणि गाडीचं एकदाच सांगतो. शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर सापडला की पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुझ्याकडं गाडी नाही, पण मित्राच्या गाडीवर मागं बसणारा तूच असतोस. फोटो बघितलाय मी, मरीन ड्राइव्हवरचा. तिघं एका गाडीवर. परत दिसला तर तुझ्या बापाला दाखवीन.

या आठवड्यात भांडुपला जाऊन बघून ये. कुठला बार, किती पावलांवर, वेटरचं गाव कुठलं, एवढं मला कळव. ‘छान होता’ असलं काही लिहू नकोस.

दिवाळीला महालक्ष्मी एक्सप्रेसनं येशील तेव्हा भाऊबीज झाली की संध्याकाळी आमच्या चौकात ये. तुझ्या बापालाही घेऊन ये. तो म्हणेल, कशाला, आपण जरा लांब जाऊ. ऐकू नकोस. चालत घेऊन ये.

तुझा,
काका