फॉरमॅटला होकार देऊ नका, आधी रिकव्हरी की शोधा

लॅपटॉप अजून सर्व्हिस सेंटरमध्येच असेल तर आत्ता फोन करून सांगा की काहीही करू नका, आणि तेच ई-मेलनेही कळवा. फोनवरचं बोलणं नंतर कोणालाच आठवत नाही.

तुमच्या पोस्टवरून मला कळलं ते असं: १६ जीबी रॅमच्या जोडीला १६ जीबीची दुसरी डीडीआर५ स्टिक (रॅमची पट्टी) टाकली, स्क्रीन काळीच राहिली, बटण दाबून दोन-तीनदा बंद-चालू केलं, मग बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'लोड डिफॉल्ट्स' केलं आणि सिक्युअर बूटलाही (फक्त विश्वासू सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सेटिंगलाही) हात लावला. आता निळी स्क्रीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतेय आणि सेंटर म्हणतंय, "रॅममुळे विंडोज करप्ट झालं, फॉरमॅट करावं लागेल."

काही करप्ट झालेलं नाही, डिस्कला कुलूप लागलंय. विंडोज ११ मध्ये, विशेषतः २४एच२ या आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केलेल्या नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करणं) न विचारता चालू होतं. त्याची किल्ली टीपीएमकडे, म्हणजे मशीनमधल्या सुरक्षा चिपकडे असते. सिक्युअर बूट बदललेलं दिसलं की टीपीएम ती सोडत नाही. नुसती रॅम वाढवून एरवी असं होत नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: बायॉसमध्ये जाऊन सिक्युअर बूट आधी होतं तसं करा. बऱ्याचदा तेवढ्यावर की न मागता विंडोज सुरू होतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर व्हीएमडी हे स्टोरेजचं सेटिंगही पूर्ववत हवं, नाहीतर विंडोजला बूट ड्राइव्हच सापडत नाही. तो एरर वेगळा, पण घाबरवतो तेवढाच. 'क्लिअर टीपीएम' कुठे दिसलं तर तिकडे जाऊ नका. एएमडीच्या प्रोसेसरवर एफटीपीएम (प्रोसेसरमधलाच टीपीएम) रीसेट करायचं का असं विचारलं तर 'एन', म्हणजे नाही, दाबा.

एवढं करूनही निळी स्क्रीन राहिली तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरा आणि डिव्हाइसेसखाली रिकव्हरी की पाहा. खातं कोणतं, हाच खरा प्रश्न. लॅपटॉप पहिल्यांदा ज्याच्या खात्याने सेटअप झाला, बहुधा त्याच्याच खात्यात रिकव्हरी की जाते. आपल्याकडे हे काम दुकानदार, नाहीतर 'कॉम्प्युटरचं कळणारा' भाचा करतो. त्या सगळ्यांना विचारा. कॉलेजचा किंवा ऑफिसचा ई-मेल वापरला असेल तर तिथल्या आयटीवाल्यांना गाठा.

की कुठेच नसेल तर डेटा गेला. मायक्रोसॉफ्टही देऊ शकत नाही. "एसएसडी (डिस्क) काढून दुसऱ्या मशीनला लावून डेटा काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तिथेही हीच की लागते.

आता थोडी भडास. मला सगळ्यात महागात पडलेलं सेंटर (नाव घेत नाही, अधिकृतच होतं) असंच वागलं. मदरबोर्ड बदलला, म्हणजे टीपीएमही बदलला, रिकव्हरी की आहे का हे विचारलंसुद्धा नाही, नवं विंडोज टाकून मशीन हातात ठेवलं. जॉबशीटवर बारीक अक्षरात 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची'. सगळी सेंटर्स अशी नसतात, पण काउंटरवरच्या माणसाला फॉरमॅट म्हणजे दहा मिनिटांचं काम आणि बंद झालेली तक्रार. जॉबशीटवर 'लेखी परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये' असं लिहून घ्या, रॅम-एसएसडीचे सीरियल नंबर टाका आणि मूळची स्टिक जपून ठेवा. "उघडलात म्हणजे वॉरंटी गेली" असं म्हणाले तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. बऱ्याच कंपन्या रॅम-एसएसडी बदलायला मुभा देतात, तरी तुमच्या मॉडेलच्या अटी वाचा. दाद नाहीच मिळाली तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

मुळात ती काळी स्क्रीन बहुधा बिघाड नव्हताच. डीडीआर५ बदलली की पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे मशीन नव्या रॅमशी जुळवून घेतं. पंखा फिरतो, कीबोर्ड उजळतो, पडद्यावर काही नाही. काही मिनिटं लागू शकतात, आणि मध्येच बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून. चार्जर लावून दहा मिनिटं हात बांधून बसा. तरी नाही आलं तर एकेक स्टिक, एकेक स्लॉट असं तपासा. स्टिक साधारण ३० अंशात तिरकी पूर्ण आत सारायची, मग खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा आपोआप बसल्या पाहिजेत. सोनेरी पट्टी एका बाजूला जास्त दिसत असेल तर ती बसलेलीच नाही. ४८०० वेगाच्या स्टिकसोबत ५६०० ची टाकली तर दोन्ही कमी वेगाने चालतात, ते ठीकच.

पुढच्या वेळी लॅपटॉप उघडण्याआधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं थांबवा) करा. विंडोजच्या होम आवृत्तीत तो पर्याय दिसत नाही, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या. की कागदावर उतरवून ठेवा, त्याच लॅपटॉपमध्ये नाही. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, पण वायर धरून ओढू नका. तो परत लावल्यावर काही लॅपटॉप चार्जर जोडेपर्यंत चालूच होत नाहीत, तेव्हा दचकू नका. स्क्रू काढाल तसे कागदावर त्याच मांडणीत ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर पामरेस्टला (कीबोर्डखाली हात टेकवायच्या भागाला) फुगवटा येतो किंवा तो आरपार जातो.

धूळ काढताना हीटसिंकला (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या भागाला) हात लावू नका, असं माझं मत. काही गेमिंग मॉडेल्समध्ये त्याच्याखाली लिक्विड मेटल (पातळ धातू) असतं. ते वीज वाहून नेतं, आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं. पंख्याची पाती बोटाने अडवून ब्लोअर मारा, तेवढं पुरे.

निळ्या स्क्रीनवर की आयडी दिसतो. त्याची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या यादीत सापडतात का ते पाहून सांगा. ४८ आकडे मात्र इथे टाकू नका.