आमचे ७० वेंडर आहेत. पर्यावरणाच्या दृष्टीने त्यांचे गट कसे पाडायचे आणि त्यांना सुधारायचं कसं?

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी अकरा वर्षं परचेस बघतोय. आम्ही सुरुवातीलाच माती खाल्ली, ती आधी सांगतो. खरेदीच्या रकमेप्रमाणे यादी लावली आणि वरच्या वीस जणांना ऐंशी प्रश्नांची एक्सेल शीट पाठवली. सगळ्यांकडून ‘हो, हो, हो’ भरून आलं. दोघांच्या तर स्पेलिंगच्या चुकाही सारख्याच!

क्राल्जिकची १९८३ची चौकट परचेसवाले सगळेच शिकतात: खरेदीचं महत्त्व आणि पुरवठ्याची जोखीम बघून चार खाने पाडायचे. ती वापरा, पण तिच्यात आमचा झिंक प्लेटिंगवाला ‘किरकोळ’ खान्यात बसला होता, कारण त्याचं बिल एकूण खरेदीच्या एक टक्काही नव्हतं. आम्ल, क्रोमियम, स्लज (विषारी गाळ) मात्र सगळं त्याच्याच शेडमध्ये. हेक्साव्हॅलेंट, म्हणजे जास्त विषारी प्रकारच्या क्रोमियमचं कोटिंग युरोपच्या गाड्यांना चालत नाही, त्यामुळे त्याच्या एका चुकीवर आमचा सगळा कंटेनर अडला असता.

म्हणून रकमेआधी प्रक्रिया बघा. प्लेटिंग, पेंटिंग, हीट ट्रीटमेंट, फोर्जिंग, फाउंड्री एका गटात. मशीनिंगवाले दुसऱ्या. खोकी-पॅलेटवाल्यांवर फार वेळ घालवू नका. नट-बोल्ट थेट युरोपला जात असतील तर तो गट वेगळा, कारण ते सीबॅममध्ये (युरोपच्या आयातीवरच्या कार्बन शुल्कात) येतात आणि पोलाद कुठल्या कारखान्यातलं, हे विचारलं जातं. मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: याच्या धंद्यात आपला वाटा किती? पाच टक्के असेल तर तो तुमचं कशाला ऐकेल? तिथे त्याच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना सोबत घ्यावं लागतं.

आता सुधारणा. ती शीटवरून होत नाही, शेडमध्ये जावं लागतं. आमच्या प्लेटिंगवाल्याकडे गेलो तेव्हा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) चकाचक, पंप चालू, बाहेर तुळशीची कुंडी. मी ईटीपीच्या वीजमीटरचं रजिस्टर मागितलं. रोज १२ युनिट. रविवारी १२, लक्ष्मीपूजनालाही १२. म्हणजे आकडे नुसते भरलेले. स्लज सहसा ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही, आणि रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात गेलेल्या शेवटच्या गाडीचं मॅनिफेस्ट (कचरा पाठवल्याची पावती) चौदा महिन्यांपूर्वीचं.

मी आवाज चढवणार, तेवढ्यात शेठ म्हणाले, “साहेब, तुमचे पैसे चार महिन्यांनी येतात. स्लजच्या गाडीचं भाडं मी कुठून भरू?”

खरं होतं. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे हा कायदा २००६चा, आणि तो आम्हीच मोडत होतो. परत येऊन आधी अकाउंट्सशी भांडलो. पेमेंट मार्गी लागल्यावर वर्षभराची ऑर्डर लेखी दिली आणि ट्रायव्हॅलेंटचा, म्हणजे कमी विषारी क्रोमियमच्या कोटिंगचा, वाढीव दर मान्य केला. तरी आठ महिने लागले. दुसऱ्या एकाला मात्र तीन संधी देऊन बंद केलं. सगळ्यांनाच सुधारता येतं असं नाही.

मशीनिंगवाल्यांकडे जेवणाच्या सुट्टीत जा. मशीन बंद असतात, हवेच्या पाइपांची फुसफूस ऐकू येते आणि कॉम्प्रेसर तरीही लोड घेत असतो. तिथे भाषणापेक्षा गळती शोधायला साबणाचं पाणी आणि ती बुजवायला टेफ्लॉन टेप जास्त उपयोगी.

पहिल्या वर्षी सत्तर नको, पाच-सहाच धरा. आमच्या प्लेटिंगवाल्याच्या रजिस्टरमध्ये आता ९, १४, ११ असे आकडे येतात. रविवारी शून्य.