आधी एक संध्याकाळ ठरवा, श्रोते त्यानंतर

तुमची अडचण थोडक्यात अशी: बँड चांगला वाजतो, गाणी स्वतःची आहेत, पण कार्यक्रमाला तेच वीस-पंचवीस मित्र येतात. जाहिरातीवर पैसे घालूनही फरक पडत नाही. आणि आता मोठ्या शहरात जावं का, असा विचार सुरू आहे. मी बरीच वर्षं छोटे कार्यक्रम भरवत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाहिरात आजच बंद करा. ज्या बँडचं नावही ऐकलेलं नाही त्याच्यासाठी पोस्टर बघून घराबाहेर पडणारी माणसं फार थोडी. माणूस येतो तो कुणीतरी 'चल' म्हणून ओढून आणलं म्हणून, नाहीतर अमुक जागी अमुक दिवशी काहीतरी ऐकण्यासारखं असतंच ही खात्री असते म्हणून. पहिलं काम तुमचे मित्र करतायत. ती खात्री मात्र कुणालाच नाही, कारण तुमचे कार्यक्रम कधी इथे, कधी तिथे, कधी आठवड्यात दोन, कधी तीन महिने काहीच नाही. तेव्हा माझा सल्ला असा: फक्त तुमच्या बँडचे श्रोते वाढवायचा नाद काही काळ सोडा. तीन-चार बँड मिळून एकाच जागी, ठरलेल्या वारी, दर महिन्याला एक संध्याकाळ चालवा.

जिथे जिथे सीन, म्हणजे बँड, जागा आणि श्रोते यांचं स्थानिक वर्तुळ, उभा राहिला तिथे असंच घडलेलं दिसतं. लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लब 1957 मध्ये एका तळघरात सुरू झाला, तोही जॅझसाठी. पुढे तिथे दुपारच्या सुट्टीतही कार्यक्रम होऊ लागले आणि जवळपास नोकरी करणारी तरुण मंडळी त्या तासाभरात तिथे जाऊ लागली. 1961 ते 1963 या काळात बीटल्सने त्या एका जागी जवळजवळ 300 कार्यक्रम केले. एवढ्या वेळा वाजवल्याने बँड तयार झाला हे सगळे सांगतात. पण श्रोतेही तिथेच तयार झाले, आणि ते इतर बँडनाही मिळाले. 1961 मध्येच बिल हॅरी यांनी 'मर्सी बीट' नावाचं छोटं वर्तमानपत्र काढलं. कोण कुठे वाजवणार, कुणाचा बँड फुटला, कोण नवीन आलं हे त्यात छापून यायचं. तुमच्याकडेही असं नियमाने लिहिणारा एक माणूस हवा. तो वादक नसेल तर फारच उत्तम.

न्यूयॉर्कमध्ये हिली क्रिस्टल यांनी 1973 मध्ये सीबीजीबी हा क्लब सुरू केला तो कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज या संगीतप्रकारांसाठी. पुढच्या वर्षी टेलिव्हिजन नावाचा बँड तिथे रविवारी वाजवू लागला, मग रामोन्स हा पंक बँड आला. बँडने स्वतःची गाणी वाजवायची, अशी तिथली अट होती. ही अट तुम्हीही घाला. कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी, ऐकायला येणारा माणूस गाण्यासाठी येतो. ते गाणं दुसरीकडे वाजलं की तो तिकडे जातो.

वार निवडताना शनिवारच्या मागे लागू नका. शनिवारी जागा महाग, आणि चांगले वादक बाहेर कामावर असतात. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या जॅझ क्लबच्या सोमवारच्या जॅम सेशनना, म्हणजे वादकांनी जमून आयत्या वेळी वाजवण्याच्या बैठकांना, वादकांची गर्दी व्हायची, कारण तो त्यांच्या सुट्टीचा दिवस. पियानोवादक थेलोनियस मंक आणि ड्रमर केनी क्लार्क तिथल्या ठरलेल्या बँडमध्ये होते आणि 1940च्या दशकात बीबॉप हा जॅझचा नवा प्रकार घडला तो अशा रात्रींतून. सुरुवातीला तुमच्या समोर निम्मे वादकच बसले तरी वाईट वाटून घेऊ नका. ते सगळ्यात कान देऊन ऐकतात आणि पुढच्या वेळी आपली माणसं घेऊन येतात.

जागा लहानच घ्या. साठ माणसांच्या खोलीत चाळीस जण आले तर कार्यक्रम भरल्यासारखा वाटतो. तेच चाळीस मोठ्या सभागृहात विखुरले की पहिल्याच गाण्याला बँडचा धीर सुटतो. खुर्च्या अर्ध्याच मांडा, बाकीच्या मागे रचून ठेवा आणि लागतील तशा काढा.

आता ज्या गोष्टीकडे सगळे दुर्लक्ष करतात ती, दोन बँडमधला वेळ. एक बँड उतरतो, दुसरा चढतो, ड्रम सुटतात, नवे लागतात, प्रत्येक जण आपला अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) ओढत आणतो आणि बघता बघता पाऊण तास जातो. तेवढ्यात निम्मे लोक घरी. यावर उपाय एकच: ड्रम किट, बेस अँप आणि गिटार अँप त्या संध्याकाळी सगळ्यांनी मिळून वापरायचे. ड्रमरने येताना फक्त आपला स्नेअर (किटमधला छोटा ड्रम), सिंबल (झांजा) आणि ड्रमचं पायाने वाजवायचं पेडल आणायचं. गिटारवाल्याने पेडलबोर्ड (गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलची पाटी) स्टेजखाली बसून आधीच जोडून, ट्यून करून ठेवायचा. साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी, उलट्या क्रमाने घ्यायचा, म्हणजे शेवटी चेक करणारा बँड पहिला वाजवतो आणि त्याची मांडणी तशीच राहते. एवढं पाळलं तर पंधरा मिनिटांत बदल होतो. आलेल्या माणसाने चारही बँड ऐकले, तर तुमचे वीस, त्यांचे वीस, सगळे एकमेकांचे होतात. त्यासाठी वादकांनीही शेवटपर्यंत थांबायला हवं. स्वतःचा सेट संपला की मित्रांसह निघून जाणाऱ्या बँडला मी पुन्हा बोलावत नाही, वाजवणं कितीही सुंदर असो.

ज्यांची माणसं सर्वांत जास्त येणार त्यांना शेवटी ठेवा, अगदी नव्या बँडला मधे. दर महिन्याला क्रम फिरवा.

तिकीट स्वस्त ठेवा, पण ठेवाच. फुकट असलं की 'येतो' म्हणणारे खूप, येणारे कमी. आधी साउंडवाल्याचे पैसे द्या, उरलेले त्याच रात्री सगळ्यांसमोर मोजून वाटा. पैशांवरून एकदा मनात अढी बसली की चांगल्या ओळखीसुद्धा तुटतात.

दाराशी बोलका माणूस बसवा. त्याने येणाऱ्याला नाव विचारावं, कुणामुळे आलात ते विचारावं, वहीत नंबर लिहून घ्यावा. पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्या नंबरांवर नावानिशी निरोप जायला हवा. या वहीतून जेवढे लोक परत येतात तेवढे जाहिरातीतून आलेले मी पाहिले नाहीत.

शाळा-कॉलेजातल्या मुलांना बाहेर ठेवू नका. जागेत दारू मिळत असेल तर वयाची अडचण येते. 1980च्या सुमारास वॉशिंग्टनच्या पोरांनी क्लबवाल्यांना सुचवलं की आमच्या हातावर मोठी फुली काढा, म्हणजे आम्हाला दारू देऊ नये हे कळेल, पण गाणं ऐकू द्या. त्याच मुलांनी पुढे डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी चालवली आणि आपल्याच शहरातल्या बँडचं संगीत काढलं. पुढचे बँड याच वयातून येतात. कायदा परवानगी देत नसेल तर अधूनमधून दारू नसलेल्या जागी दुपारचा कार्यक्रम ठेवा.

राहिला शहर सोडण्याचा प्रश्न. आत्ता नको. मोठ्या शहरातही तुम्हाला हेच शून्यापासून करावं लागेल, आणि तिथे ओढून आणायला हे वीस मित्रही नसतील. तुमची संध्याकाळ सहा महिने न चुकता चालली की शेजारच्या शहरातल्या अशाच एखाद्या बँडला बोलवा. त्यांना तुमच्या भरलेल्या खोलीत वाजवू द्या, पुढच्या महिन्यात तुम्ही त्यांच्याकडे जा. जागामालकाशी बोलताना मात्र एका कार्यक्रमाचं बोलू नका, सहा महिन्यांच्या तारखा एकदम मागा. एक रात्र कमी भरली तर तो पुढची रद्द करायला बघेल, म्हणून हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या.