वाचकांचे प्रश्न : गटाच्या यादीतले जुने पत्ते

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचे 380 सभासद आहेत. सोयाबीन खरेदीच्या सूचना मी जीमेलवरून सगळ्यांना एकदम पाठवते. काहींचे पत्ते बदलले, मी ते दुरुस्तही केले, तरी मेल जुन्याच पत्त्यावर जातो. – एक वाचक, औसा

उत्तर : ताई, बहुतेक वेळा याचं मूळ मागच्या मेलमध्ये असतं. मागच्या वेळचे पत्ते कॉपी करून नव्या मेलमध्ये चिकटवले, की तुम्ही केलेल्या दुरुस्तीचा काही उपयोग राहत नाही. यादी फक्त गूगल कॉन्टॅक्ट्समध्येच ठेवा.

संगणकावर कॉन्टॅक्ट्स उघडा, सभासदाच्या नावावर जा आणि पेन्सिलच्या खुणेवर क्लिक करा. इथे अनेकांची चूक होते : नवा पत्ता खाली जोडतात आणि जुना वर तसाच राहतो. एका नावाखाली दोन पत्ते असले तरी लेबलवरून (म्हणजे कॉन्टॅक्ट्समध्ये केलेल्या नावांच्या गटावरून) मेल त्यातल्या एकाच पत्त्यावर जातो आणि तो जुना असू शकतो. म्हणून जुना पत्ता काढूनच टाका. आठवण हवी असेल तर टिपेच्या रकान्यात ‘जुना पत्ता बंद’ असं लिहून तारीख टाका.

मग लेबलं करा. सगळ्यांचं एकच लेबल करण्यापेक्षा तालुकावार केलेलं बरं : औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर असं. एकच माणूस दोन लेबलांत बसू शकतो, त्यासाठी त्याचं नाव दोनदा भरू नका. पाठवताना ‘बीसीसी’मध्ये लेबलचं नाव टाइप करून ते निवडा. ‘टू’मध्ये टाकलं तर प्रत्येक सभासदाला बाकी सगळ्यांचे पत्ते दिसतात, आणि ते कुणालाच रुचणार नाही.

एक बारकावा लक्षात ठेवा. लेबल निवडलं की त्या क्षणीच त्याचे सुटे पत्ते होतात. काल ड्राफ्टमध्ये ठेवलेल्या मेलला आज केलेली दुरुस्ती कळत नाही. ड्राफ्टमधले पत्ते पुसा आणि लेबल पुन्हा टाका.

साध्या जीमेल खात्याला दिवसाला 500 ची मर्यादा आहे. प्रत्येक पत्ता वेगळा मेल धरूनच हिशेब करावा. सकाळी 380 जणांना सूचना आणि दुपारी त्यातल्या चुकीची दुरुस्ती पाठवली, की 760 झाले. मर्यादा ओलांडली तर पाठवणं 24 तासांपर्यंत बंद पडू शकतं. तालुकावार लेबलं असली की ज्यांना दुरुस्ती कळवायची, तेवढ्यांनाच कळवता येते.

प्रश्न : माजी विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये होती. ती कॉन्टॅक्ट्समध्ये घेतली तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : फाइल साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या नुसत्या मजकुराच्या रूपात, जतन झाली आहे. त्या प्रकारात देवनागरी टिकत नाही, आणि एकदा प्रश्नचिन्हं झाली की त्या फाइलमधून नावं परत येत नाहीत. मूळ एक्सेल फाइलकडे जा, ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ निवडा आणि नव्याने आयात करा. यादी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावी लागेल.

रकान्यांची शीर्षकं मनाने देऊ नका. एखादं नाव कॉन्टॅक्ट्समधून ‘गूगल सीएसव्ही’ म्हणून निर्यात करा आणि त्या फाइलची पहिली ओळ जशीच्या तशी वापरा. मोबाइल नंबरांचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर 91 लावलेला बारा आकडी नंबर एक्सेल 9.19 च्या रूपात आखडून टाकतो आणि तोच फाइलमध्ये जातो.

आयात केलेल्या नावांना त्या दिवसाच्या तारखेचं लेबल आपोआप लागतं. आधी पाच-सहा नावांवर करून पाहा. बिघडलं तर ते लेबल नावांसकट काढता येतं.

यानंतर गूगल ‘मर्ज अँड फिक्स’ सुचवतो. तिथे ‘मर्ज ऑल’ दाबू नका, ही कळकळीची विनंती. आपल्याकडे बाप-लेक किंवा नवरा-बायको एकच ई-मेल वापरतात, आणि पत्ता किंवा नंबर सारखा दिसला की दोन माणसं एकच असल्यासारखी सुचवली जातात. एकेक जोडी पाहूनच जुळवा.

प्रश्न : दर वेळी दहा-बारा मेल परत येतात. ते पत्ते लगेच काढून टाकावेत का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी परत आलेल्या मेलमधला आकडा वाचा. ‘550 5.1.1’ म्हणजे असं खातंच नाही : स्पेलिंग चुकलं किंवा खातं बंद झालं. गूगल दोन वर्षं न वापरलेली खाती डिसेंबर 2023 पासून काढून टाकत आहे, त्यामुळे शिकताना उघडलेली कितीतरी खाती गेली. ‘452 4.2.2’ किंवा ‘552 5.2.2’ म्हणजे पेटी भरली आहे. फोटो, ड्राइव्ह आणि मेल मिळून फुकट जागा 15 जीबीच असते. हा पत्ता बरोबर आहे, तो काढू नका, त्या माणसाला फोन करा.

5.1.1 आलेले पत्ते ‘तपासायचे’ या वेगळ्या लेबलात टाका आणि मूळ लेबलातून काढा. शेवटी ‘कॉम’ऐवजी ‘कॉन’ झालंय का, पवार ‘डब्ल्यू’ने लिहिलंय की ‘व्ही’ने, हे पाहा. फोनवर स्पेलिंग विचारत बसू नका, पुन्हा तीच चूक होते. ‘तुमच्या मोबाइलवरून मला एक कोरा मेल टाका’ असं सांगा. आलेल्या मेलवरून पत्ता बिनचूक उचलता येतो.

प्रश्न : ऑफिसच्या जुन्या आउटलुकमध्ये माणसाचा पत्ता बदलला, पण गटात जुनाच दिसतो. – एक वाचक, परभणी

उत्तर : त्या आउटलुकमधला गट स्वतःकडे पत्त्याची प्रत ठेवतो. गट उघडून ‘अपडेट नाऊ’ दाबा आणि जतन करा. पत्ता टाइप करताना खाली जुना सुचवला जात असेल, तर त्याच्यासमोरची फुली दाबा.

प्रश्न : लेबल काढलं आणि त्याच्यासोबत सगळी नावंही गेली. परत मिळतील? – एक वाचक, हिंगोली

उत्तर : 30 दिवस झाले नसतील तर मिळतील. कॉन्टॅक्ट्समध्ये डावीकडच्या ‘ट्रॅश’मध्ये जा, नावं निवडा आणि ‘रिकव्हर’ करा. नावं परत आली, तरी लेबल पुन्हा लावावं लागेल असं धरून चाला. लेबल काढताना गूगल विचारतो : नावं ठेवायची की तीही काढायची. तिथे ‘ठेवा’ निवडायचं.